देवमाशाची हाक आणि आगबोटीचा वेग



आपल्या मंडळात आजवर स्वयंपाकापासून संतवाङ्मयापर्यंत पुष्कळ विषयांवर भाषणे झाली. देवमाशांवर मात्र झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. फळ्यावर विषय वाचून दोघीतिघींनी मला जिन्यातच गाठले आणि विचारले, "अहो, हे काय भलतेच काढलेत? देवमाशांशी आपला संबंध काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर शेवटी देण्याचा प्रयत्न करीन. आधी एका आजीची हकीकत सांगते.

ही आजी अटलांटिक महासागरात, अमेरिका आणि कॅनडा या देशांच्या पूर्व किनाऱ्याला राहणारी, जातीने देवमासा. बोस्टन येथील न्यू इंग्लंड ॲक्वेरियम या संस्थेचे अभ्यासक तेथल्या देवमाशांची नोंदवही ठेवतात. आपण माणसाला चेहऱ्यावरून ओळखतो, तसे ते या देवमाशांना डोक्यावरच्या खडबडीत चट्ट्यांवरून आणि अंगावरच्या व्रणांवरून ओळखतात. या आजीच्या डोक्यावरचे व्रण स्वल्पविरामासारखे आणि रेघांसारखे दिसत, म्हणून तिचे नाव त्यांनी 'पंक्च्युएशन', म्हणजे विरामचिन्हे, असे ठेवले होते. १९८१ साली ती प्रथम दृष्टीस पडली. पुढे तिला आठ पिल्ले झाली, नातवंडेही झाली. मासेमारीच्या दोरांत ती अडकली होती, बोटींचे घावही तिने सोसले होते, आणि प्रत्येक वेळी त्यातून ती वाचली होती. जून २०१९ मध्ये मात्र कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखातात तिचे प्रेत तरंगताना आढळले. तपासणी करता, बोटीची धडक बसून ती मेली असावी असे दिसून आले.

आता कोणी म्हणेल, एवढ्या अफाट समुद्रात एक जीव गेला तर त्याचे एवढे काय? तर त्याचा हिशेब ऐका. ती ज्या जातीची होती, त्या जातीचे देवमासे आज साऱ्या अटलांटिकमध्ये चारशेसुद्धा उरलेले नाहीत. आणि त्यांतल्या पिल्ले होत असणाऱ्या माद्या फक्त सुमारे सत्तर आहेत. आपल्या आजच्या सभेला आलेल्या बायका मोजल्या तर कदाचित तेवढ्याच भरतील.

या जातीला इंग्रजीत 'राइट व्हेल' म्हणतात. राइट म्हणजे योग्य. कशाला योग्य, तर मारायला! हा प्राणी संथ पोहतो, किनाऱ्याजवळ येतो, मेल्यावर बुडत नाही, आणि त्याच्या चरबीतून तेल भरपूर निघते. म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी त्याला ही पदवी दिली. १९३५ सालापासून त्याच्या शिकारीला आंतरराष्ट्रीय बंदी आहे. म्हणजे मारण्याची इच्छा कोणाला नाही, आणि तरी तो मरतो आहे. मुख्य कारणे दोन: मासेमारीचे दोर आणि बोटींची धडक. त्यांपैकी दुसऱ्या कारणाविषयीच मी आज बोलणार आहे.

आपण देवमाशाला मासा म्हणतो खरे, पण तो मासा नव्हे. तो आपल्यासारखा सस्तन प्राणी. मादी पिल्लाला वर्षभर पोटात वागवते आणि जन्मल्यावर दूध पाजते. श्वासासाठी त्याला पाण्यावर यावेच लागते, आणि घात होतो तो तेथेच. लहान पिल्लाला फार वेळ श्वास कोंडून धरता येत नाही; त्यामुळे ते वरच्यावरच राहते, आणि त्याच्यासाठी आईही वरच्यावरच राहते.

मग समोरून येणारी आगबोट त्यांना कळत नाही का? असे पाहा, रस्त्याच्या कडेला राहणाऱ्या माणसाला गाड्यांचा आवाज ऐकू येतो, पण तो प्रत्येक गाडीला दचकत नाही. या देवमाशांचेही तसेच झाले असावे. शिवाय बोटीचा पंखा मागे असतो. त्यामुळे नाकासमोर आवाज त्या मानाने कमी पोहोचतो. मग भोंगा वाजवून त्यांना सावध करावे, असे काही शास्त्रज्ञांच्या मनात आले. त्यांनी सहा देवमाशांना एक सूचनेचा आवाज मुद्दाम ऐकवला. या प्रयोगाची हकीकत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. सहापैकी पाच देवमाशांनी तो आवाज ऐकून काय करावे? ते जोराने पोहत वर आले! म्हणजे ज्या जागी धोका, नेमके त्याच जागी. साध्या बोटीच्या आवाजाकडे तर त्यांनी लक्षच दिले नाही. भोंग्याचा विचार अशा रीतीने मागे पडला.

तेव्हा सावध करायचे ते देवमाशाला नव्हे, कप्तानाला. पण कप्तानाला तरी तो दिसावा कसा? या जातीच्या पाठीवर पर नसतो. काळी, सपाट पाठ पाण्याबरोबर असते. लाटा असल्या, धुके असले, रात्र पडली, म्हणजे पन्नास फुटांचा प्राणीही दिसत नाही. आणि दिसला तरी मोठी आगबोट म्हणजे सायकल नव्हे, की ब्रेक दाबला आणि थांबली. तिला थांबायला मैलाच्या हिशेबाने अंतर लागते. म्हणून वार्ता आधी मिळाली पाहिजे. पूर्वी, आणि आजही, त्यासाठी विमानातून टेहळणी करतात. परंतु विमानाचा उपयोग दिवसा आणि हवा चांगली असेल तेव्हाच.

जेथे डोळा चालत नाही तेथे कान चालतो. अंधाऱ्या रात्री शेजारच्या खोलीतले मूल जागे झाले, हे आईला दिसत नाही, पण कळते. समुद्राच्या पाण्यात उजेड फार खोल जात नाही; आवाज मात्र सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने जातो आणि दूरवर पोहोचतो. देवमासे एकमेकांशी आवाजानेच बोलतात. राइट व्हेलची एक ठरलेली हाक आहे. खालच्या सुरात सुरू होऊन वर चढत जाणारी, जेमतेम एका सेकंदाची. जवळ कोणी आहे का, असे विचारल्यासारखी ती असते.

ही हाक टिपण्यासाठी पाण्यात जो ध्वनिग्राहक सोडतात, त्याला हायड्रोफोन म्हणतात. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्यांचा कानोसा घेण्यासाठी या यंत्राची भरभराट झाली. त्याच जातीचा कान आता देवमाशांसाठी लावला जात आहे, ही मला या गोष्टीतली मोठी समाधानाची बाब वाटते.

बोस्टन बंदरात शिरणाऱ्या आगबोटींच्या वाटेवर २००८ च्या सुमारास असे दहा बोये ठेवण्यात आले. कॉर्नेल विद्यापीठ आणि वुड्स होल येथील समुद्रविज्ञान संस्था यांनी मिळून ते काम केले. प्रत्येक बोया आपल्या भोवतालचे सुमारे पाच सागरी मैलांचे पाणी ऐकत असे. आत बसवलेले यंत्र आवाजाचे जणू चित्र काढी आणि त्यात ती वर चढणारी रेघ शोधी. रेघ सापडली, की तो आवाज बिनतारी मार्गाने विद्यापीठात जाई. तेथे माणूस तो पुन्हा तपासून पाही. याची गरज असे, कारण हंपबॅक नावाचा दुसरा देवमासा कधीकधी तसाच सूर लावतो आणि यंत्र फसते. गणपतीच्या मांडवात शंभर मुले गलका करीत असली तरी आपल्या मुलाची हाक आपल्याला ओळखू येते. यंत्राला मात्र ते अजून पुरते साधलेले नाही. खात्री पटली, की द्रवरूप वायू घेऊन येणाऱ्या बोटींच्या कप्तानांना निरोप जाई, 'या भागात देवमासा आहे, वेग दहा नॉटांवर आणा.'

बोया एका जागी राहतो, देवमासे मात्र खाद्याच्या मागे फिरतात. त्यांचे खाद्य म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढे बारीक जीव! म्हणून फिरता कान हवा. त्यासाठी ग्लायडर नावाचे यंत्र आहे. माणसाएवढ्या लांबीचा, लहान पंख असलेला नळा समजा. त्याला मोटारीचा पंखा नसतो. तो पोटात थोडे पाणी घेऊन बुडतो, ते सोडून वर येतो, आणि असा खालीवर होत होत पुढे सरकतो. त्यामुळे तो स्वतः आवाज फारसा करीत नाही, आणि ऐकणाऱ्याने गप्प राहावे हा नियम पाळतो. काही तासांनी वर येऊन तो काय काय ऐकले ते उपग्रहामार्फत किनाऱ्यावर कळवतो. कॅनडात, जेथे ती आजी मेली त्याच सेंट लॉरेन्सच्या आखातात, २०२० पासून या ग्लायडरांचा उपयोग सरकारी रीतीने होत आहे. ठरलेल्या जहाजमार्गात हाक ऐकू आली, की तेथे पंधरा दिवस तेरा मीटरांहून लांब बोटींना दहा नॉटांच्या आत चालणे बंधनकारक होते.

दुसरे साधन उष्णता टिपणारा कॅमेरा. देवमासा वर येऊन जो फवारा सोडतो, तो भोवतालच्या थंड पाण्याहून उबदार असतो. हा कॅमेरा रात्रीच्या काळोखातही त्या उबेवरून फवारा ओळखतो. धुके दाट झाले, की त्याची दृष्टी मंदावते, आणि त्याची नजर जाते ती काही किलोमीटरच.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला, सांता बार्बराच्या खाडीत, २०२० पासून आणखी एक योजना चालू आहे. तेथे निळे देवमासे येतात, पृथ्वीवरचे सर्वांत मोठे प्राणी. पाण्यातल्या कानाची वार्ता, बोटीवरच्या लोकांनी पाहिल्याच्या नोंदी आणि समुद्राच्या स्थितीवरून बांधलेला अंदाज, या तिन्हींची गोळाबेरीज करून आज देवमासे असण्याचा संभव किती, हे जाहीर करतात. आणि गंमत अशी, की वेग कमी करण्याची विनंती कोणत्या जहाज कंपनीने किती पाळली, याचे शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखे शेरेही प्रसिद्ध करतात!

इतके ऐकून आपल्याला वाटेल, की मग प्रश्न सुटलाच. मलाही हे वाचताना प्रथम तसेच वाटले होते. परंतु पुढे एक गोष्ट वाचनात आली, आणि ती सांगण्यासाठीच खरे म्हणजे मी हा विषय घेतला.

राइट व्हेलच्या माद्या बाळंतपणासाठी हिवाळ्यात दक्षिणेला, जॉर्जिया आणि फ्लॉरिडा या प्रांतांच्या उथळ, उबदार पाण्यात येतात. तेथे शास्त्रज्ञांनी मायलेकरांचे बोलणे ऐकले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे आढळले, की नवजात पिल्लू बरोबर असताना आई ती मोठी हाक फारशी देतच नाही. अगदी हलके, तोकडे आवाज काढते. जवळ असल्याशिवाय ऐकू येऊ नयेत असे. आपण पाळण्याजवळ कुजबुजतो ना, तसेच. शार्क आणि किलर व्हेल यांच्यासारख्या शत्रूंना आपल्या लेकराचा पत्ता लागू नये, यासाठी हे असावे, असा तर्क आहे. शत्रूला पत्ता लागत नाही हे खरे. पण आपल्या यंत्रालाही लागत नाही. ज्यांचा जीव वाचणे सर्वांत जरुरीचे, त्या मायलेकरांविषयी हे कान बहुधा काहीच कळवीत नाहीत. ज्या कप्तानाने 'आज निरोप आला नाही' म्हणून बोट पूर्ण वेगाने सोडली, तो त्या पाण्यात मायलेकरांवर जाऊ शकतो.

आणि तसे घडलेही. फेब्रुवारी २०२१ मध्ये फ्लॉरिडाच्या सेंट ऑगस्टीन गावाजवळ एका मासेमारीच्या हौशी बोटीची धडक सुमारे महिन्याच्या पिल्लाला बसली आणि ते मेले. त्याच्या आईच्या अंगावरही ताज्या जखमा दिसल्या. बोटीत पाणी शिरले, आणि ती बुडू नये म्हणून कप्तानाला ती उथळ पाण्यात रुतवावी लागली. पाहा, टक्कर टळली तर कल्याण दोघांचेही आहे. ही बोट ५४ फुटांची होती. अमेरिकेत २००८ सालापासून ठरलेल्या भागांत आणि ठरलेल्या महिन्यांत दहा नॉटांची मर्यादा आहे, पण ती ६५ फूट व त्याहून लांब बोटींना. ही बोट नियमाच्या बाहेर अकरा फुटांनी राहिली! मर्यादा ३५ फुटांच्या बोटींपर्यंत आणावी, असा प्रस्ताव २०२२ मध्ये तेथल्या सरकारी खात्याने मांडला. त्याला बोटवाल्यांचा विरोध झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला.

वेगावर इतका भर का, तेही सांगते. एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, सुमारे १.८५ किलोमीटर. दहा नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. चांगला सायकलवाला जातो तेवढे. २००७ मध्ये कॅनडातील दोघा संशोधकांनी जुन्या टकरींच्या नोंदींवरून हिशेब मांडला. पंधरा नॉटांच्या वेगाने धडक बसली तर देवमासा मरण्याचा संभव शंभरात सुमारे ऐंशी. साडेआठ नॉटांच्या आसपास तोच संभव शंभरात वीसवर येतो. यात ऐकण्याचा, पाहण्याचा प्रश्नच नाही. यंत्र चुकले, मादी गप्प राहिली, धुके पडले, तरी संथ चाललेली बोट बहुधा जीव घेत नाही. संथ बोट गोंगाटही सहसा कमी करते. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कवरील हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा मंदावली होती. त्या वेळी कॅनडाच्या फंडी उपसागरात पाण्यातला गोंगाट घटला, आणि देवमाशांच्या विष्ठेत, मनावर ताण असता शरीरात वाढणारी द्रव्येही कमी आढळली.

कप्तानाचीही बाजू आहे, ती मी नाकारीत नाही. माल वेळेवर पोहोचायचा असतो, भरतीची वेळ गाठायची असते, मालकाचा तगादा असतो. पण हिशेब करून पाहू या. देवमाशांचा पट्टा वीस सागरी मैलांचा धरला, तर वीस नॉटांनी एक तास लागतो आणि दहा नॉटांनी दोन. जास्तीचा लागला तो एक तास. काही ठिकाणी तर तेवढाही लागत नाही. बोस्टनच्या जहाजमार्गाची दिशा २००७ मध्ये थोडी उत्तरेकडे वळवली. देवमासे कोठे जमतात याच्या अनेक वर्षांच्या नोंदी होत्या, म्हणून हे करता आले. आगबोटींच्या प्रवासात काही मिनिटांचीच भर पडली.

आता जिन्यातल्या प्रश्नाकडे येते. आपला संबंध काय?

आपल्या शेजारीच, श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, निळे देवमासे वर्षभर दिसतात, आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या जहाजांचा एक अतिशय गजबजलेला रस्ता त्यांच्यामधूनच जातो. २०२२ मध्ये एका मोठ्या जहाज कंपनीने आपल्या बोटी तेथून सुमारे पंधरा सागरी मैल दक्षिणेने नेण्यास आरंभ केला. आणि आपल्या अरबी समुद्रात तर हंपबॅक देवमाशांची एक निराळीच वस्ती आहे. इतर हंपबॅक उन्हाळ्यात थंड समुद्रात जातात. हे मात्र बारा महिने येथेच राहतात. ओमानच्या किनाऱ्याजवळ त्यांची संख्या शंभराच्याही आत आहे. २०१७ च्या अखेरीस तेथल्या एका मादीच्या अंगावर उपग्रहाला खूण देणारे यंत्र बसवले. ती अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याला आली, दक्षिणेला कन्याकुमारीपलीकडे मन्नारच्या आखातापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानला परतली. तिचे नाव 'लुबान'. म्हणजे काय ठाऊक आहे? आपण तिन्हीसांजेला निखाऱ्यावर घालतो तो लोबान!

मुंबई आणि न्हावाशेवा येथे येणाऱ्या-जाणाऱ्या आगबोटी हाच समुद्र कापतात. आपल्या घरातले तेल, कापड, यंत्रे, मुलांची खेळणी, यांतले कितीतरी त्या बोटींतून येते. माल एक दिवस उशिरा आला तर आपण दुकानदाराशी वाद घालतो. तो तगादा दुकानदाराकडून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून कंपनीकडे आणि कंपनीकडून कप्तानाकडे पोहोचतो. तेव्हा त्या वेगात आपलाही थोडा वाटा आहे. माझ्या मते आपला संबंध तो हा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिल्लू येऊन अडकले होते. ते तेथे का आले हा भाग निराळा. पण त्याचे अंग ओले राहावे म्हणून किनाऱ्यावरच्या लोकांनी त्याच्यावर पाणी ओतले आणि ते समुद्रात परत जावे म्हणून खटपट केली, हे आपण सर्वांनी वाचले. समोर दिसले तेव्हा कोणी विचारले नाही, की याचा आपला संबंध काय. न दिसणाऱ्या आणि न बोलणाऱ्या जीवासाठीही तेवढेच करता यावे, इतकेच माझे म्हणणे आहे. यंत्रांची त्यासाठी मदत घ्यावी. पण यंत्र गप्प आहे म्हणून समुद्र मोकळा आहे, असे समजू नये. आपल्यापैकी ज्यांच्या घरची माणसे बोटीवर असतील, त्यांनी हे दोन शब्द त्यांच्या कानांवर अवश्य घालावेत.